दीड युरोची

होर्टाच्या माझ्या दुकानात देओलिंदा
क्रोशाच्या सगळ्या सुया मांडायला लावते.
ॲल्युमिनियमची हलकी, पण बोटांत किणकिणते.
बांबूची ऊबदार, दोरा मात्र अडवून धरते
उंबऱ्यात उभ्या शेजारणीसारखी.
रबरी मुठीची मी पुढे करतो :
सांधेदुखीला बरी.
ती बघतसुद्धा नाही.

पिशवीतून एक पिवळटलेली काढते,
देवमाशाच्या दाताची. आकडी तुटलेली.
"बापाने बोटीवर घासली, लग्नाआधी.
माझ्या नव्हे, त्याच्या."

मग एकेका सुईने
चार साखळ्या, एक मुका खांब,
आणि ओढून उसवते.
खाडीपलीकडे पिकोचा डोंगर
ढगात जातो, बाहेर येतो.
मी दोनदा घड्याळ बघतो.

शेवटी पोलादाची. सगळ्यात बारीक,
बिनमुठीची, दीड युरोची.
वर बाटलीचं बूच मागते.
शेजारच्या खानावळीतून आणतो,
दारूचा वास असलेलं.
ती तिथेच सुई त्यात खुपसते,
मूठ मिटते, उघडते, मिटते.

तुटकी रुमालात गुंडाळून आत.
नवी, बुचासकट, अंबाड्यात खोचून
ती धक्क्याकडे निघते.
बोटीने भोंगा दिलेला असतो.
ती चालतच जाते.