पाण्याचा वार

गड्ड्याच्या यात्रेतून आणला होता तिनं.
पाळण्यांच्या पलीकडे, पिना-रिबिनींच्या गाड्याशेजारी
एक माणूस पोतं पसरून बसला होता.
कांद्यासारखाच दिसतोय, मी म्हणालो,
एवढ्या पैशात किलोभर आले असते.
बालामणीनं ऐकलं नाही.

त्या वर्षी एप्रिलात, गच्ची पायाला चटके देत होती तेव्हा,
तेलाच्या पत्र्याच्या डब्यातून दांडा वर आला,
पानाबिनाशिवाय, नुसता,
आणि टोकाला लाल चेंडू.
गल्लीतली पोरं बघून गेली.
येमूल मास्तर चष्मा पुसत दोनदा आले.

मग तीन वर्षं पानंच.
रुंद, हिरवी, खाऊनपिऊन सुखी पानं.
ती चहाचा चोथा घालायची, अंड्याची टरफलं,
कड पिवळी दिसली की पान कापून टाकायची,
बिडीची पानं कापायच्या कात्रीनंच,
आणि पाणी.
आमच्याकडे पाण्याचा वार पाचव्या दिवशी.
रात्री दोनला नळ आधी नुसता फुसफुसतो,
मग बॅरल, घागरी, पातेली, कळशी,
आणि शेवटचा तांब्या त्याला.
माझी आंघोळ राहिली असेल एखाद्या वेळी.
त्याचं पाणी नाही.

कार्तिकात श्रीलताचे दिवस भरत आले,
बालामणी भिवंडीला गेली ती चार महिने.
रोज फोन.
नीळ्ळु पोसिनरा?
घातलं, घातलं, मी म्हणायचो, तोंडात घास.
खरं तर सायकलला जागा हवी म्हणून
डबा मी जिन्याखाली सारला होता
आणि विसरलो.
पानं पिवळी झाली, मग तपकिरी, मग कागद.
मातीनं डब्याची कड सोडली.
संक्रांतीला विचारलं: घातलं.
नातू झाला त्या रात्री तर
तिनं विचारलंही नव्हतं,
मीच म्हणालो, घातलं बरं का.

होळी करून ती येणार, त्याच्या आदल्या दिवशी
चोरासारखा डबा बाहेर काढला,
तांब्याभर ओतलं.
माती बराच वेळ चुर्र वाजत राहिली.
तिनं बोडका डबा बघितला,
काही बोलली नाही,
बाळाचे फोटो दाखवत बसली.

आणि एप्रिलात, त्रेचाळीसवर पारा असताना,
एक नाही, दोन दांडे.
दोन चेंडू.
अख्ख्या गल्लीला सांगत सुटली,
चार महिने ह्यांनी एक वार चुकवला नाही.
मी टॉवेलानं मान पुसत राहिलो.

मडेप्पा आला होता बघायला,
महापालिकेच्या बागेत आयुष्य गेलेला माणूस.
त्यानं डबा बघितला, मग माझ्याकडे.
कोरडा ठेवला होता काय हो थंडीत?
कोरडाच ठेवायचा असतो. झोपू द्यायचं.
पान कापायचं नाही, त्याचं ते वाळतं,
जाताना सगळं खाली देऊन जातं.
मी म्हणालो, चहा घेणार का.

बीम उतरला की माग उभा राहतो,
नवा ताणा सांधेपर्यंत त्याला कुणी हात लावत नाही.
चाळीस वर्षं टॉवेल विणले, एवढं मला कळतं.
डब्यातल्याला तोच नियम असेल
हे डोक्यात आलं नाही.

आता परत कार्तिक.
पानाची कड पिवळी पडायला लागलीय.
गप्प बसलो तर माझी अब्रू राहते,
फूल जातं.
पाच पाच दिवसांनी मी हाच हिशोब केला,
तीन वार गेले.

काल रात्री दोनला नळ फुसफुसला.
बॅरल, घागरी, पातेली, कळशी.
मग शेवटचा तांब्या घेऊन ती डब्याकडे वळली,
कमरेला कात्री खोचलेली.
मी डब्यावर हात धरला.
बालामणी, थांब, म्हणालो,
आणि सगळं सांगितलं,
सायकलसकट.

नळ गेला.
ती तशीच उभी, तांब्या काठोकाठ.
बराच वेळ डब्याकडे बघत राहिली, माझ्याकडे नाही.
मग म्हणाली,
हे आता कुणाला घालू?