पाहुण्याला पाणी

विहीर गावापासून अर्ध्या सकाळीच्या वाटेवर.
दोर ओढणारी दोन गाढवं, तिसरं आजारी.
दमागरामच्या एप्रिलात सावलीसुद्धा
भिंतीला पाठ लावून धापा टाकते.

अशा दुपारी ताबावा तुंब्यात पाणी घेऊन आली,
वर फडकं, फडक्यावर तळहात,
चार दिवसांच्या नातवासाठी.
अजून नाव नाही त्याला. नाव सातव्या दिवशी,
बोकड कापल्यावर.
तोवर तो नुसता पाहुणा.

“दारी आलेल्याला आधी पाणी, मग विचारपूस,” ती म्हणाली.
“माझ्या आईनं मला दिलं, मी माझ्या सातांना.
आणि तू, कालची सुईण, म्हणतेस
एवढ्या लांबून आलेल्या जीवाचा घसा कोरडा ठेवा?”

मी काय बोलणार.
झिंदेरला तीन महिने शिकले, ते सगळं पाठ आहे:
सहा महिने फक्त आईचं दूध, उन्हाळ्यातही,
वर घोटभर पाणी नाही.
पण ही वाक्यं सरकारी शिक्क्यासारखी,
कागदावर उठतात, माणसावर नाही.

अंगणातल्या बोरीखालून एक बोर उचललं,
तिच्या हातावर ठेवलं.
“एवढंसं पोट त्याचं, ताबावा.
पाण्यानं भरलंस तर दूध कुठे ठेवशील?”
तिनं बोर निरखलं, चोखलं, बी थुंकली.
“मग दोन्ही थोडं थोडं,” म्हणाली.

शेवटी शाफातूनंच कापडाची गाठ सोडली,
आणि सासूच्या तळहातावर चार थेंब पिळले.
पातळ, जरासे पिवळे,
खालच्या रेषा दिसाव्यात असे.
ताबावानं जीभ लावली.
बराच वेळ गप्प.
“गोड आहे.” मग, “पण हे तर पाणीच की गं.”
“पाणीच बरंचसं. फक्त याला दोर लागत नाही, गाढव लागत नाही,
आणि यात कुणाचे पाय बुडालेले नसतात.”

हे बोलायला नको होतं.
तिला तिसरा आठवला असणार, आणि पाचवी.
सातांतली दोन. जुलाब, खोल गेलेली टाळू,
आणि ती, आई, वरून आणखी पाणी पाजणारी.
मला माझी आठवली.
तिच्यावर नाव ठेवायची वेळच आली नाही.
तेव्हा मी सुईण नव्हते,
आणि पाणी माझ्याच बोटावरून टपकलं होतं.
आम्ही दोघी तुंब्याकडे बघत राहिलो.
पाण्यावर एक माशी, काठ शोधत.

बाळ रडलं, शोधलं, लागलं.
शाफातूचे ओठ मला तेव्हा दिसले:
भेगाळलेले, कोपऱ्यात पांढरे.
चार दिवस कढत अंघोळ, कढत पेज,
खाटेखाली निखारे.
बाळंतिणीला गार पाणी देऊ नये,
हेही कुणाच्या तरी आईनं कुणाला सांगितलेलं.

ताबावालाही दिसले असावेत.
तुंबा तिनं बोरीच्या मुळाशी रिकामा केला,
आत जाऊन माठातलं ताजं आणलं.
“धर,” सुनेला म्हणाली,
“पाहुणा तुझ्याच दारातून आत येतोय. तूच पी.”

शाफातू प्यायली. थांबली नाही,
श्वाससुद्धा तुंब्यातच घेतला.
बाळाच्या कानामागे घुटुक, घुटुक,
तिचं कोणतं, त्याचं कोणतं,
सांगता आलं नसतं.

निघताना दोरीवरची ओली फडकी मोजली. पाच.
पुरेशी. उद्या काय करशील, विचारलं नाही.

वळून पाहिलं तर ताबावाचं बोट
तुंब्याच्या तळाशी उरलेल्या पाण्यात.
ओलं बोट वर आलं, बाळाच्या ओठांपर्यंत गेलं,
तिथे थांबलं,
मग खाली उतरून तळपायाला लागलं,
आधी उजव्या, मग डाव्या.

लांबून आलेल्याचे
पाय तरी धुवायला हवेत ना.