हत्ती शेजारच्या घरात

यंदा हॉल घ्यायचा की ऑनलाइनच उरकायचं
ते दोन दिवसांत कळवा, असं सचिवांनी लिहिलंय.
खाली हॉलचं भाडं, मांडववाला, जेवणाची ताटं,
आणि शेवटी एक ओळ:
मशीनला जेवण लागत नाही.

खरंय. ऑनलाइनच बरं.
रात्री अकराला जोडून द्यावं नि झोपावं,
सकाळी दूध तापेपर्यंत
दोनशे डाव खेळून झालेले असतात.
माझं ‘कासव’ कुठे हरलं, कितव्या खेळीला,
सगळं ओळीने लिहिलेलं.
शहाद्याची एक पोर आपलं इंजिन खेळवते
कॉलेजच्या जुन्या लॅपटॉपवर.
एसटीचं भाडं काढून इथवर ये, असं तिला कुणी सांगावं?

तरी तो हॉल आठवतो,
नाशिकरोडचा, बिटको चौकामागचा,
लग्नाच्या तिथी नसल्या की स्वस्तात मिळणारा.
रिक्षात मांडीवर मॉनिटर,
पायाशी सीपीयू चादरीत गुंडाळलेला,
कीबोर्ड द्राक्षांच्या खोक्यात.
रिक्षावाला म्हणाला,
ताई, पेशंटला नीट धरा, पुढे खड्डा आहे.

समोर उत्तम गायधनी.
दिवसभर नोट प्रेसमध्ये मोजणीला,
रात्री जागून ‘मुंगूस’ लिहिणारे.
तिथे आमचं दोघांचंही काम हमालाचं:
पडद्यावर येईल ती खेळी पटावर करायची,
घड्याळ दाबायचं,
समोरून आलेली खेळी आत टाइप करायची.
विचार त्यांचा, बोटं आमची.
देवळालीकडे तोफांचा सराव लागला
की तावदानं वाजत
आणि प्यादी आपल्याच घरात जराशी वळून बसत.

चौथ्या फेरीत अशीच एक तोफ धडाडली
आणि हत्तीला घेऊन निघालेला गायधनींचा हात
एक घर अलीकडेच टेकला.

मला दिसलं.
त्यांच्या चष्म्याच्या काचेत मुंगसाची खेळी होती,
उलटी, हिरवी, पण वाचता येण्याजोगी.
मी मान खाली घातली.
घड्याळ चालू होतं, आता माझं.
पटावर जे दिसत होतं तेच मी कासवाला सांगितलं.
त्यात खोटं काहीच नव्हतं.

तीन खेळ्यांनंतर मुंगसाने अशी चाल सांगितली
जी त्या पटावर होऊच शकत नव्हती.
गायधनींनी पडद्याकडे बघितलं, मग पटाकडे,
मग माझ्याकडे,
शंभर नोटांचं एक बंडल मोजायला लागतो तेवढा वेळ.
नियम होता: पंचांना बोलवा, चुकीपर्यंत मागे जा.
त्यांनी राजा आडवा केला.
म्हणाले, काउंटर सोडल्यावर तक्रार चालत नाही.
आणि चहा सांगायला उठले. दोन.

तो चहा मी प्यायले.

ऑनलाइनला असलं काही होत नाही.
हत्ती निघतो तिथे पोचतो.
इतक्या वर्षांच्या हजारो डावांत
चुकून ठेवलेलं एकही मोहरं नाही,
हरलो ते विचाराने हरलो,
जिंकलो ते कुणाचंही न लपवता.

सचिवांना कळवलंय: ऑनलाइन चालेल.
माझ्याखाली गायधनींचं उत्तर, दोनच शब्द:
माझंही तेच.

पण शुक्रवारी कासव-मुंगूस लागले की
जेवणाच्या टेबलावर मी लाकडी पट काढते,
पडद्यावरच्या खेळ्या एकेक करून खाली उतरवते.
डाव रंगात आला की कधीतरी
एक हत्ती मुद्दाम शेजारच्या घरात ठेवते
आणि थांबते.

पडद्यावर पुढची खेळी येते.
मग तिच्या पुढची.