निरंक

समिती बुधवारी येणार,
म्हणून सोमवारी आम्ही अंतर मोजतोय.
नियम शंभर यार्डांचा,
टेप तीस मीटरचा, लांब उडीच्या खड्ड्यावरचा,
शून्यापाशी तुटलेला, खिळ्याला बांधलेला;
म्हणजे पहिले सात सेंटिमीटर आमच्या मर्जीचे.

गेटपासून देवाजी लोनबलेच्या ठेल्यापर्यंत
तीस, पुन्हा तीस,
मग शेणाचा पोवटा ओलांडून अठ्ठावीस.
"कमी पडते का मॅडम? ठेल्याले चाकं आहेत.
बुधवारी मागं नेतो, गुरुवारी आणतो."
बी.ए.च्या दुसऱ्या वर्षी मीच त्याला नापास केलं होतं.
त्याचा राग नाही. पन्नीत खर्रा घोटत राहतो,
सुपारीची ती करकर
मला हजेरी घेतानाही ऐकू येते.

प्रपत्र ब. रकाना चार :
परिसरातील दारूची दुकाने?
निरंक. जिल्हाच दारूबंद आहे.
वाचनालयामागे, जिथे जुन्या उत्तरपत्रिका जाळतो,
तिथून वारलूभाऊंनी पोतंभर पव्वे उचलले
आणि खांद्यावर तसंच ठेवून विचारलं,
"याले कोणता रकाना जी?"

रकाना सात : भिंतींची स्वच्छता.
डाग निघेनात,
तेव्हा कंबरेइतकी भिंत गेरूनं रंगवली.
आता थुंकलेलं दिसत नाही.
फोटो जोडला आहे.

दुपारी शपथेची तालीम.
पुढे निकेश बोरकुटे, अंतिम वर्ष,
पोवाड्यात गेल्या साली जिल्ह्यात पहिला.
मी आजपासून कोणत्याही… तो म्हणतो,
शब्द दातांमागेच घुटमळतात.
"तोंड उघड ना रे नीट."
"एवढंच उघडते, मॅडम."
दवाखान्यातल्या पोस्टरवर
तीन बोटं उभी आत गेलेली दाखवलीत.
याच्या तोंडात दीड.
तिखट लागत नाही म्हणे पोळ्यापासून,
आई भात ताकात कालवून देते,
"पण आवाज येते मॅडम, शपथ मीच घेतो,
दुसऱ्याले नोका देऊ."

मी हो म्हटलं.
काहून म्हटलं, मला ठाऊक नाही.

रकाना अकरा :
व्यसनग्रस्त विद्यार्थी आढळले काय? संख्या लिहावी.
प्राचार्यांचा फोन : "निरंकच टाका बाई,
अनुदानाचा प्रश्न आहे,
आणि बदनामी त्या पोरांचीच व्हते."
दुसरी गोष्ट खोटीही नाही.

पेन टेकवून 'नि' काढला.
पुढं निरंकचा 'र' येईल
की निकेशचा 'के',
शाई वाळेस्तोवर बसून आहे.

बाहेर टेप गुंडाळायचा राहिला.
गेटपासून ठेल्याकडे तसाच पसरलाय पिवळा,
घरी परतणारी ढोरं
त्याच्यावरून चालली आहेत.