पन्नासची रेघ

फहाहीलला रात्री अकरा वाजताही बाहेर एक्केचाळीस,
आणि शर्वाणीच्या खोलीतून तो आवाज:
चढतो, उतरतो, गप्प होतो,
वीस सेकंदांनी पुन्हा चढतो,
घाटात वरचा गिअर न पडणाऱ्या
एस्टीसारखा.

मी घड्याळ लावून मोजलं. वीस. कधी बावीस.
सव्वीस वर्षं पंखे ऐकतोय मी,
गच्चीवरचे, तळघरातले,
मासळीबाजारातल्या शीतगृहाचे.
बेल्ट सैल झाला की पंखा पिल्लासारखा केकाटतो,
बेअरिंग गेलं की जात्यात खडा येतो.
हे तसलं काही नव्हतं.
पंखा धडधाकट होता,
फक्त त्याचं ठरत नव्हतं.

"खेळ बंद कर, मग थांबेल."
"खेळत नाहीये, बाबा. नुसता चालू आहे."
आणि दार लागलं.

दहा वर्षं मामाकडे देवरुखला होती ती,
एप्रिलात आली, दोन बॅगा आणि हा डबा घेऊन.
डबा तिने मांडीवर धरला होता
विमानात, अख्खा वेळ.

शुक्रवारी तिची आई अदानची रात्रपाळी करून झोपलेली,
आम्ही हॉलमध्ये चादर अंथरून तो उघडला.
कार्ड हातात घेतलं तर पाटीएवढं जड,
तीन पंखे, आणि पात्यांवर तोजची धूळ,
मैद्याहून बारीक.
मी ब्लोअर लावला. ती ओरडली,
"पातं बोटाने धर! मोकळं फिरलं तर जळेल!"
मी धरलं.
सव्वीस वर्षांत मला कोणी असं ओरडलं नव्हतं,
फोरमन सोडून.

जुनी पेस्ट खपलीसारखी वाळलेली.
स्पिरिटने पुसली, नवी लावली वाटाण्याएवढी,
स्क्रू तिरक्या क्रमाने आवळले, थोडे थोडे, टायरचे आवळतात तसे.
तापमान आठ अंशांनी उतरलं.
आवाज?
वीस सेकंद. कधी बावीस.

मग तिने पडद्यावर आलेख उघडला.
आडवं तापमान, उभा वेग.
पन्नासपर्यंत रेघ जमिनीवर झोपलेली,
पन्नासला एकदम कडा.
एक्कावन्न झालं की तिन्ही पंखे धावत सुटायचे,
एकोणपन्नास झालं की मरायचे,
आणि लगेच पुन्हा एक्कावन्न.

मला हसू आलं. "अगं, डिफरन्शियल!
जिथे सुरू तिथेच बंद ठेवलं, तर चिलरसुद्धा वेडा होतो.
पंचावन्नला उठव. पंचेचाळीसला झोपव.
मधे त्याला जगू दे."
तिने रेघेची टोकं माऊसने धरून ओढली,
कड्याचा उतार केला,
बैलगाडीही चढेल असा.

रात्री इतकं शांत झालं
की फ्रीजचाही आवाज खटकू लागला.
आणि इतके दिवस पंख्यांखाली दबलेलं
भिंतीपलीकडून ऐकू आलं:
ती हेडफोन लावून मुक्ताशी बोलत होती,
देवरुखच्या हेलात, जो माझा कधीच गेलाय.
"रस्त्यावर माणूसच दिसत नाही गं इथं.
सगळी काचेच्या आत."
मग काहीतरी हसली.
"बाबा? बोलतो ना.
म्हणजे, सुरू होतो. मग बंद."

मी कूस बदलली.
आमच्या एसीचा कॉम्प्रेसर लागला,
चार मिनिटं चालला, पडला.

सकाळी डबा भरताना शाळेचं विचारलं.
"बरी आहे."
मग मुक्ताचं विचारलं. तिने वर बघितलं.
मग मला काही सुचेना.
म्हटलं, धुळीसाठी फिल्टर आणतो कापून, साइटवर तुकडे पडलेत,
महिन्याने धुवायचा, वाळवायचा, परत लावायचा.
"कुठल्या मापाचा?" तिने विचारलं.

मी माप सांगितलं.
मग जाळीचे प्रकार सांगितले,
मग उम्म अल हैमानच्या गच्चीवर
एका फिल्टरमध्ये बुलबुलाने घरटं केलं होतं, ते.
शाळेची बस खाली हॉर्न देत होती.
ती बुटाची नाडी बांधत होती, सावकाश,
एकाच बुटाची.