गाळ

पहिलीच्या तक्त्यावर क कमळाचा.
कोळथऱ्याच्या माझ्या वर्गात कमळ कुणी पाहिलेलं नाही.
मी कमळावर कागद चिकटवून कासव काढलं.
भाकरीसारखं झालं.
उमेमा मुकादम म्हणाली, बाई, ह्याला पाय द्या,
आणि पाय दिल्यावर वर्गानं ते चालवून घेतलं.

गोष्ट माझी नव्हे.
फार लांबच्या, बर्फाच्या मुलखातल्या
इरोक्वा लोकांची. ओजिब्वा लोकांचीही, थोडी निराळी.
रद्दीत मिळालेल्या पातळ पुस्तकातून
मी ती पुठ्ठ्यांवर उतरवली,
एका पुठ्ठ्यावर एक ओळ, जोडाक्षरं होता होईतो टाळून.

सगळीकडे पाणी.
वरून एक बाई पडली.
(इथे सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.)
बदकांनी तिला पाठीवर झेललं.
कासव म्हणालं, माझी पाठ मोठी आहे.

समुद्र कुठला त्यांचा? भार्गव डोर्लेकर.
समुद्र नाही रे, तळी. पलीकडचा काठ दिसत नाही एवढी,
आणि पाणी गोडं.
मग उद्या म्हणाल, लाटा पण येतात.
येतात, म्हटलं.
त्यानंतर माझ्यावर कुणाचा फारसा भरवसा उरला नाही.

कासवाच्या पाठीवर जमीन करायची
तर तळातून माती हवी.
ऊद गेला, रिकामा आला.
आणखी दोघं गेले, रिकामे आले.
मग निघाला तो सगळ्यांत लहान,
ज्याला मराठीत धड नाव नाही.
मी पाणउंदीर लिहिलं होतं.
घूस म्हणा की, भार्गव म्हणाला.
ई, घूस कशी जग वाचवेल, म्हणाली उमेमा.
हात वर करून मतं घेतली. घूस जिंकली.

घूस खूप वेळ वर आली नाही.
ह्या ओळीला भार्गव चुळबुळ करायचा थांबला.
त्याचा मामा अडकलेला नांगर सोडवायला बुडी मारतो
तेव्हा होडीवरचे आकडे मोजतात, मोठ्यानं, एका सुरात.
वर आली ती निपचित. मूठ मिटलेली.

शेवटचा पुठ्ठा मी मुठीसारखा दुमडला होता.
आत एकच शब्द. उघड, म्हटलं त्याला.
जूनपासून ह्या मुलानं एक अक्षर वाचलं नव्हतं.
वाळूवरचा माग बघून मात्र सांगायचा,
कासवी भरतीच्या आधी आली की नंतर,
अंडी घालून गेली की नुसतीच फिरून.
त्यानं पुठ्ठा उघडला. बराच वेळ पाहिलं.
म्हणाला, गाळ.

लिहिलं होतं, माती.

अहवालाच्या रकान्यात ह्याला चूक म्हणतात.
पण तळाला माती नसते बाई, तो म्हणाला,
गाळ असतो. नांगराला लागून येतो. काळा. वास मारतो.

मी मातीखाली खडूनं लिहिलं.
ग, काना, ळ.
त्याचं बोट ग वर टेकलं, कान्यावरून उतरलं,
ळ च्या दोन वेटोळ्यांत फिरून आलं.
मग म्हणाला, गाळ.
तोच शब्द, पण ह्या खेपेला वाचलेला.
फरक ऐकू येतो.

रात्री मला झोप नाही.
दुसऱ्याच्या गोष्टीत मी घूस घातली, शब्द बदलला.
पुस्तकाच्या सुरुवातीला बारीक अक्षरांत लिहिलंय,
जमिनीवर बर्फ असेतोवरच ह्या गोष्टी सांगाव्यात.
कोळथऱ्यात कुठला बर्फ.
कासवं मात्र आमच्याकडे थंडीतच लागतात.
तेवढा नियम मी धरला,
शेवटची पिल्लं पाण्यात गेली की पुठ्ठे कपाटात.

बांधताना एक कमी भरला. मुठीचा.
मी विचारलं नाही.

परवा खाडीवर डोर्लेकरांची होडी ओढून ठेवली होती.
नाळेवर, नांगराचा दोर घासतो तिथं,
कोळशानं कुणीतरी लिहिलंय.
ग बरा आहे. ळ ला मदत लागेल.
आणि काना एवढा लांब
की खाली चिखलात गेलाय.