खालचा खण

नानुली, कपाटाचा खालचा खण उघडा राहिला होता.
तू निघताना घाईत होतीस, मी तर कधीच काही लावत नाही,
आणि फिसोने तुझा तपकिरी स्वेटर आधीच हेरून ठेवला असणार.
पहाटे चहा ठेवायला उठलो तर आत पाच पिलं.
ओलीकिच्च, डोळे शिवल्यासारखे,
आणि ती त्यांना चाटत होती, पुन्हा पुन्हा,
जणू पुसून कोरीच करणार आहे.

तुला फोन लावला.
हात लावू नकोस, म्हणालीस.
खिडकी लाव. बाळंतिणीला पाणी जवळ ठेव, खाणं जवळ.
मग, थांब, म्हातारी हाक मारतेय,
आणि फोन चालूच ठेवून गेलीस.
मी ऐकत बसलो. बारीतल्या कुणाच्या तरी घरात
चमचा कपाला लागत होता.
त्यांच्या भाषेत तू काही म्हणत होतीस.
शब्द कळले नाहीत, सूर कळला:
अजून एक घास. हा शेवटचा.

पाचवं अंग धरेना.
अक्रोड तोलायच्या काट्यावर ठेवलं तर सत्तर ग्रॅम.
दुसऱ्या दिवशी सत्तर. तिसऱ्या दिवशी अडुसष्ट.
बाकीचे चौघे त्याला तुडवून दुधाला लागायचे
आणि ते एका बाजूला थंड पडत जायचं.
शेजारची लामारा आली. खाणीच्या दवाखान्यातली,
अजूनही चपला न काढता शिरते आणि हुकूम सोडते:
गाईचं दूध नको, मारशील त्याला.
पावडर कुतायसीहून मागव.
उताणं धरू नकोस, पालथं धर. दर दोन तासांनी.
मोज्यात गरम पाण्याची बाटली, आणि वर कापड.
पाजून झालं की ओल्या कापसाने खाली पूस,
त्याला अजून स्वतःहून मुतताही येत नाही.
मी म्हटलं, मला हे जमणार नाही.
ती म्हणाली, विचारलंय कुणी?

सव्वीस वर्षं रात्रपाळी केली मी, नानुली.
जागरणाचं मला काय.
पण खाली जागणं वेगळं, तिथे यंत्र जागं ठेवतं.
इथे बोटाच्या पेराएवढं डोकं,
आणि माझी ही बोटं, रेघांत मँगनीज मुरलेली,
ड्रॉपर धरताना थरथरतात.
पहिल्या रात्री निम्मं दूध माझ्या मनगटावरच गेलं.

तेओना झाली तेव्हा मी घरी आलो,
तू म्हणालीस, आधी हात धुऊन ये.
धुतले. मग झोपलो.
त्या रात्री तू किती वेळा उठलीस,
मी विचारलं नव्हतं. त्या वर्षीही नाही.
परवा दोन वाजता विचारणार होतो.
तिकडे अकरा. तुझी म्हातारीच्या गोळ्यांची वेळ.
फोन हातात धरला आणि ठेवला.

सातव्या दिवशी ऐंशी ग्रॅम.
नवव्या दिवशी मोठ्याचा एक डोळा फटीएवढा उघडला,
निळसर, कशाकडेच न बघणारा.

दहाव्या रात्री फिसोने बिऱ्हाड हलवलं.
लामारा म्हणालीच होती, सात घरं दाखवते ही जात.
एकेकाला मानेला धरून पलंगाखाली नेलं,
माझ्या खाणीतल्या बुटांच्या खोक्यात.
तिथे काय आवडलं तिला कोण जाणे.
चार नेली. आणि मग आलीच नाही.

पाचवं खणात एकटं. ओरडलंही नाही.
मी उचलून नेऊ शकलो असतो. नेलं नाही.
दिवा न लावता जमिनीवर बसलो,
पाठ कपाटाला टेकवून,
मोज्यातली बाटली कोमट होत गेली.
मला माझ्या वासाची भीती वाटत होती:
माझा हात फार लागला का त्याला?
आता ते तिचं राहिलं नसेल का?

सव्वादोनला ती आली.
माझ्याकडे पाहिलं, जसं तू बघायचीस
मी भांडी चुकीच्या जागी ठेवली की.
त्याला हुंगलं, खूप वेळ. मग उचललं.
तेच दात, ज्यांनी उंदराची मान मोडते,
पिलाला लागत नाहीत.

आता खण रिकामा आहे, लावलेला नाही.
तुझ्या स्वेटरला केस चिकटलेत, एका जागी डागही पडलाय.
धुऊ का?
की तू येईपर्यंत असाच ठेवू?